बांधलेल्या गावात एक नास्तिक

व्याख्यानं देत हिंडणाऱ्या माणसाला एक रोग जडतो. चार गावांत गळ्यात हार पडले की पाचव्या गावात मान आपोआप पुढे झुकते. मला हा रोग आहे हे गोंदिया जिल्ह्यात कळलं, आणि तेही सबंध गावासमोर. परत येऊन आता बरेच महिने झाले. ओळखीचे विचारतात, तिकडे बघण्यासारखं काय आहे? तलाव आहेत, जंगल आहे, नजर पोचेल तिथवर भात आहे. मी त्यातलं फारसं काही पाहिलं नाही. मी मुख्यतः एक दोर पाहिला.

मी सांगलीचा. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केली आणि सुट्ट्यांत बुवाबाजीविरुद्ध प्रयोग दाखवत फिरलो. हवेतून अंगारा काढायचा, जिभेतून त्रिशूळ आरपार घालायचा, पाणी शिंपडून नारळ पेटवायचा आणि मग हे सगळं कसं केलं ते सांगायचं. देव मानत नाही. तीस वर्षांत एकाही पूजेला बसलो नाही. सख्ख्या मुलाच्या लग्नात सगळे विधी होईपर्यंत मंडपाबाहेर फोटोग्राफरची बॅग सांभाळत उभा होतो, आणि याचा मला अभिमान होता.

नागपूरच्या एका शिबिरात रामटेके गुरुजी भेटले. सालेकसा तालुक्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर. बौद्ध कुटुंबातले, देव न मानणारे, बोलायला अत्यंत सावकाश. त्यांनी शाळेत प्रयोग दाखवायला बोलावलं. दोन हजार चारचा जुलै होता. फोनवर म्हणाले, "शुक्रवारी या जी. गुरुवारी नका येऊ, गुरुवारी गावात काम आहे."

काय काम, ते मी विचारलं नाही. माझ्याखेरीज गावाला दुसरं काम असू शकतं, हे मला सुचलं नाही.

गोंदिया

बुधवारी दुपारी गोंदियाला उतरलो. स्टेशनाबाहेर मी मराठीत पत्ता विचारावा आणि समोरच्याने हिंदीत उत्तर द्यावं, असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी मीच हिंदीत विचारलं, तर तो माणूस अस्सल मराठीत म्हणाला, "तुमची हिंदी राहू द्या, मराठीच बोला." मग पोह्यांवर झणझणीत तर्री घेतली, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि लॉज गाठला.

लॉजच्या मॅनेजरने रजिस्टर पुढे केलं आणि माझ्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीच्या तोंडातून त्रिशूळ बाहेर आला होता आणि त्याला भगवं कापड गुंडाळलेलं होतं. मॅनेजर उठला आणि माझ्या पाया पडला.

"महाराज, कहाँ से पधारे?"

मी त्याला समजावलं. हे खोटं आहे, हा त्रिशूळ मधे वाकवलेला आहे, मी नास्तिक आहे, मी देव मानत नाही. चांगली पंधरा मिनिटं समजावलं. त्याने सगळं हात जोडून ऐकलं आणि आतल्या नोकराला म्हणाला, "बडे महात्मा ऐसे ही बोलते हैं. चाय लाओ." मग मुलीचं लग्न कधी जमेल ते विचारलं. मी म्हणालो, मला काय माहीत! तो म्हणाला, "जैसी आपकी इच्छा."

चहा चांगला होता, मी प्यालो. तत्त्वाचा प्रश्न होता, पण आलंसुद्धा भरपूर घातलं होतं.

खोलीतल्या ढेकणांना मात्र माझ्या महात्मेपणाचा पत्ता नव्हता. सकाळपर्यंत मी ठरवून टाकलं, शुक्रवार बिक्रवार काही नाही, आजच जायचं. गुरुजींना आनंदच होईल.

सालेकसा

आमगाव गेल्यावर गाडीच्या दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेल्या बांध्या सुरू झाल्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा बांध घातलेला भाताचा तुकडा. कोपऱ्याकोपऱ्यात पऱ्ह्यांचे, म्हणजे भाताच्या रोपांचे, गर्द हिरवे चौकोन. आमच्याकडे ऊस एकदा लावला की माणूस वर्षभर कारखान्याला शिव्या देत बसू शकतो. इथे रोपं वेळेवर उपटून वेळेवर रोवली नाहीत तर ती जून होतात आणि पीक बसतं. हे मला त्या वेळी गाडीतल्या एका बाईने सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि विसरून गेलो.

सालेकशाहून जीपने फाट्यावर सोडलं. तिथून अर्धा तास चालायचं होतं. दोन्ही बाजूंना मोहाची झाडं, रस्त्यावर माणूस नाही, शेतात माणूस नाही. भर आषाढात, बांध्या भरलेल्या असताना एकही बाई रोवण्याला वाकलेली नाही, याचं कुठल्याही शेतकऱ्याला आश्चर्य वाटलं असतं. मला नाही वाटलं.

मग गाव दिसलं, आणि गावाच्या तोंडाशी तो दोर दिसला.

रस्त्याच्या एका बाजूच्या मोहापासून दुसऱ्या बाजूच्या मोहापर्यंत, छातीच्या उंचीवर, तणसाचा जाड दोर बांधला होता. तणस म्हणजे भाताचा पेंढा. त्या दोरात कडुलिंबाचे डहाळे आणि आंब्याची पानं खोचलेली. पलीकडे तीसचाळीस माणसं जमिनीवर बसलेली. मला पाहताच सगळी उठून उभी राहिली आणि त्यांनी हात वर केले.

एका साध्या माणसासाठी, तेही एक दिवस आधी आलेल्या, एवढी तयारी! गुरुजींना कसं कळलं असेल? मीसुद्धा हात वर केला. आता फीत कापायची तर कात्री कुणी पुढे करेना, तेव्हा गावाकडची साधी पद्धत समजून मी दोर दोन्ही हातांनी धरला, "अहो, एवढं कशाला!" असं म्हणत जोर लावून तोडला आणि आत पाऊल टाकलं.

टाळ्या वाजल्या नाहीत.

मान पुढे झुकवून मी थोडा वेळ तसाच उभा होतो. मग एक म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, "मोडली ना बावा यानं!"

दोर मोडल्यावर

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्या गावात रोवणा सुरू व्हायच्या आधी एक दिवस गाव बांधतात, त्याला बांधणी म्हणतात. सूर्य उगवताना सगळ्या वाटांवर दोर लागतात. मग दिवस मावळेपर्यंत कुणी आत यायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही, चूल पेटवायची नाही, विहिरीतून पाणी काढायचं नाही, शेतात पाय ठेवायचा नाही. रोगराई आणि कीड बाहेर राहते अशी समजूत. दोर मोडला तर सगळं दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून, आणि ज्याने मोडला त्याने नवा दोर आणून स्वतःच्या हाताने बांधायचा. तोवर रोवणा नाही. ती माणसं हात वर करून मला थांबवत होती.

टेकचंद नावाचा एक तरणा शेतकरी सर्वांत पुढे आला. त्याने ठेक्याने जमीन केली होती, पऱ्हे रोवायला आले होते आणि शेजारच्या गावच्या बाया उद्या सकाळपासून त्याच्या बांधीत यायच्या होत्या. परवापासून त्या दुसऱ्याला बोललेल्या.

"कोन होये तू? कोनाकडे आला?"

"रामटेके गुरुजींकडे," मी म्हणालो.

ते नाव उच्चारल्याबरोबर हवा बदलली. टेकचंद मागे वळला. "पाहा! मी म्हनत नोतो? हे लोकं देव नाई मानत. स्वतः नाई मोडत, बाहेरचा आनून मोडवते!"

तेवढ्यात गुरुजी आले. अनवाणी, बनियनवर, धावत. त्यांना मी प्रथमच घाईत पाहिलं. त्यांनी तुटलेला दोर पाहिला, मला पाहिलं, आणि फक्त एवढंच विचारलं, "आज गुरुवार आहे ना जी?"

मी म्हणालो, "लॉजमध्ये ढेकूण होते."



गर्दीतून एक वाळका, उंच म्हातारा पुढे आला. बिसनबाबा, गावचा पुजारी. गोंड लोक आपल्या पुजाऱ्याला भुमक म्हणतात. त्याने तुटलेली दोन टोकं उचलली आणि गुरुजींसमोर उभा राहिला.

"गुरुजी, तुमाले मालूम होतं हा आज येते म्हून?"

"नाही, बिसनभाऊ."

"नोतं मालूम," म्हातारा गावाकडे वळून म्हणाला. "झालं."

"झालं कसं?" टेकचंद ओरडला. "ते म्हन्ते अन् तुमी मानता?"

"हो. उद्या पुन्हा बांधू."

मोडलीच होती, तेव्हा घरोघरी चुली पेटल्या. लोक पांगले, पण गुरुजींच्या दारावरून जाताना दोघेतिघे मुद्दाम मोठ्याने बोलत गेले. त्यातला बराचसा मजकूर माझ्याविषयी होता, उरलेला गुरुजींविषयी.

गुरुजींचं घर

संध्याकाळी वहिनींनी जेवायला वाढलं. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि वास्त्याची भाजी. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. मी सवयीने भाकरी मागितली. वहिनी म्हणाल्या, "भात आहे ना." थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, तर म्हणाल्या, "अजून भात आहे ना." तिकडे भातानंतर जे वाढतात तोही भात असतो. वास्ते मात्र असे की अपराधी माणसानेही दोनदा मागून घ्यावेत.

पोट भरल्यावर मला तत्त्व आठवलं. मी विचारलं, "गुरुजी, तुम्ही देव मानत नाही, आणि बांधणीच्या दिवशी घरात बसून राहता? ही तडजोडच झाली की."

गुरुजी भात कालवत राहिले. मग म्हणाले, "इथे विहार बांधला तेव्हा दोन वर्षं गावाने आमच्याशी बोलणं टाकलं होतं. पायव्याची माती कोणी रात्रीतून ओढून टाके. बिसनभाऊ तिथे येऊन बसले. माती टाकणाऱ्यांना म्हणाले, मला नाही पटत यांचं, पण जागा यांची आहे. ते आजपर्यंत विहारात आले नाहीत. बोलावलं तरी येत नाहीत. म्हणतात, माझा देव नाही तिथे मी हात कशाला जोडू? मीही त्यांच्या बांधणीत कधी हात जोडले नाही. घरी बसतो, पेपर वाचतो."

"आणि तो टेकचंद?"

"तो आधीपासून खार खातो. त्याला निमित्त पाहिजे होतं." जरा थांबून ते म्हणाले, "आमची पोरंही चिडतात माझ्यावर. म्हणतात, बांधणीच्या दिवशी मुद्दाम विहिरीवर जाऊन पाणी काढू. मी वीस वर्षं थांबवून ठेवलं आहे. उद्या बांधणी झाली नाही, तर त्यांनाही थांबवता येणार नाही अन् टेकचंदलाही."

मी विचार केला आणि मला एकदम सोपा उपाय सापडला. माझे सोपे उपाय असेच सापडतात.

"त्यात काय! बांधतो मी. डोळे मिटतो, हात जोडतो, मंत्र पुटपुटतो. स्टेजवर मी रोज बाबा होतो, इथे भक्त होईन. नाटकच तर आहे."

गुरुजींचा घास हातातच राहिला. "असं बिसनभाऊंसमोर नका करू जी," ते म्हणाले.

मी ते नम्रपणाचं बोलणं समजलो.

दुसरी बांधणी

शुक्रवारी उजाडताना सगळं गाव पुन्हा त्या मोहाखाली जमलं. बौद्ध मोहल्ल्यातली पाचसहा पोरं जरा लांब, हाताची घडी घालून उभी होती. टेकचंद दुसऱ्या बाजूला, तशीच घडी घालून. गुरुजी बरोबर मधे.

मी पुढे झालो. कपाळाला माती लावली, गुडघे टेकले, डोळे मिटले आणि माझ्या कार्यक्रमातल्या 'सिद्धबाबा'साठी जो आवाज राखून ठेवला आहे त्या आवाजात पुटपुटायला सुरुवात केली. अंगाला थोडा कंपही दिला. सांगली जिल्ह्यात या कंपाला नेहमी दाद मिळते.

"थांबा," बिसनबाबा म्हणाला.

मी एक डोळा उघडला.

"तुमी मानता का देवाले?"

आता गंमत पाहा. तीस वर्षं गावोगाव छाती काढून ज्या प्रश्नाला मी 'नाही' म्हणत आलो, तो प्रश्न प्रथमच खऱ्या भक्ताने, शांतपणे, मला विचारला होता. आणि मी म्हणालो, "मानतो."

"खोटं," म्हातारा म्हणाला.

मी गुरुजींकडे पाहिलं, ते जमिनीकडे पाहत होते.

"गुरुजी वीस सालापासून नाई म्हन्ते," बिसनबाबा म्हणाला. "माह्या तोंडावर म्हन्ते. म्हून ते काल म्हनले, मालूम नोतं, त मी मानलो. तुमी एका दिवसात मानाले लागले? आमच्या देवासंग नाटक करून राहिले का?"

टेकचंद म्हणाला, "आता बोला गुरुजी! तुमचा पावना खोटा निंगाला, मंग तुमी कायचे खरे?"

तेव्हा मला कळलं की मी दोर तोडून जेवढं बिघडवलं नव्हतं, तेवढं गुडघे टेकून बिघडवलं होतं. मी उठलो. कपाळाची माती पुसली. ती नीट निघाली नाही असं वहिनींनी नंतर सांगितलं.

"नाही मानत," मी म्हणालो. "कधीच मानला नाही. आत्ता खोटं बोललो, कारण भीती वाटली. गुरुजींनी मला हे करू नका म्हणून सांगितलं होतं."

"मंग काल दोर काऊन तोडला? देव नाई मानत म्हून?" बिसनबाबाने विचारलं.

इथे मला एक सन्मानाची वाट होती. हो म्हणालो असतो तर निदान बंडखोर ठरलो असतो. पण एका सकाळी दोनदा खोटं पचवायची ताकद नव्हती.

"नाही," मी म्हणालो. "मला वाटलं, तो माझ्या स्वागताला बांधलाय."

कालची ती म्हातारी म्हणाली, "काय म्हन्ते?" कुणीतरी तिला कानात सांगितलं. ती जी हसायला लागली, ती खाली बसली. "याच्या स्वागताले! माह्या लग्नात माह्या नवऱ्याले आंब्याची डाहाळी नाई लागली, अन् याले गाव बांधून पायजे!" मग सगळंच गाव हसलं. लांब उभी असलेली पोरं हसली, आणि त्यांच्या हातांच्या घड्या सुटल्या. टेकचंद हसला नाही, पण त्याला ते फार जड गेलं हे दिसत होतं.

बिसनबाबा हसणं संपायची वाट बघत उभा राहिला. मग म्हणाला, "नाई मानत त हात नका जोडू. गाठ मी बांधन. तुमी मोडला, तुमी दोर वळा. दोर वळाले देव नाई लागत."

माझ्यासमोर तणसाची पेंढी येऊन पडली.

देव लागत नाही हे खरं, पण अक्कल लागते. दोन्ही तळहातांमध्ये तणस घेऊन एक हात पुढे, एक मागे, असं रगडत न्यायचं आणि मधेच नवी काडी द्यायची. दहा वर्षांची पोरगीसुद्धा ते बोलता बोलता करते. माझा पहिला दोर म्हाताऱ्याने उचलल्याबरोबर दोन ठिकाणी सुटला. दुसरा त्याने ओढून पाहिला आणि बाजूला ठेवला. तळहात सोलले. सूर्य झाडांच्या वर आला. आपल्या विषयावर तासभर टाळ्या घेणारा माणूस चाळीस हात दोरासाठी कसा घामाघूम होतो, हे लोक मन लावून पाहत होते. म्हातारी मधूनमधून सूचना देत होती. "बाबू, चोळू नको त्याले, वळ."

तिसऱ्या दोराच्या वेळी कुणीतरी समोरचं टोक धरलं आणि ताण दिला. पाहतो तर टेकचंद.

"मले रोवना करायचा हाये म्हून धरलो," तो म्हणाला. "तुमच्यासाठी नाई."

"कळलं," मी म्हणालो.

"अन् गुरुजीसाठीबी नाई."

"तेही कळलं."

"गोष्टी नका करू. वळा."

तो दोर टिकला. बिसनबाबाने पाय रोवून ओढून पाहिला, आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं आणि दोन्ही मोहांना गाठी मारल्या. त्या वेळी मी आणि गुरुजी जरा मागे, हात खाली सोडून उभे होतो. कुणी आम्हांला जोडा म्हटलं नाही.

मग सबंध दिवस गाव बांधलेलं राहिलं. चूल नाही, पाणी नाही, पहाटे रांधलेला गार भात. गुरुजींनी जुना पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि उलटा करून पुन्हा सुरुवात केली. त्यांच्या मोहल्ल्यातली पोरं दोनदा विहिरीपर्यंत जाऊन आली. पाणी काढलं नाही. शाळाही बंद होती, त्यामुळे माझा कार्यक्रम झालाच नाही. शनिवारपासून सगळं गाव बांधीत असणार होतं. चमत्कारांची कुणाला गरज नव्हती आणि त्यांच्या भांडाफोडीचीही. टेकचंदच्या बाया एक दिवस थांबायला कबूल झाल्याचा निरोप दोरापलीकडून कुणीतरी ओरडून दिला, तेवढीच दिवसभरातली बातमी.

दिवस मावळला आणि बिसनबाबा आला. गुरुजींच्या ओट्यापाशी थांबला, आत आला नाही.

"गुरुजी, सुटलं गाव. पानी काढा."

"बरं, बिसनभाऊ."

म्हातारा वळला. मला राहवलं नाही. मी विचारलं, "बाबा, एवढी घरं सोडून तुम्ही पहिल्यांदा इथे का आलात? हे तर मानतच नाहीत."

"म्हून त आलो," तो म्हणाला. "बाकीचे देवाच्या भेवानं बसते. गुरुजी माह्यासाठी बसते. त्याईले पयले नको सांगू?"

गुरुजींनी पेपरची घडी केली. बराच वेळ ती त्यांना नीट जमत नव्हती.

मी म्हटलं, "मीसुद्धा बसलो की आज दिवसभर."

म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझे सोललेले हात पाहिले.

"तुमाले जायाले रस्ताच नोता," तो म्हणाला, आणि पुढच्या घराकडे गेला.